नकाराचा मसुदा

बुधवारी आलेल्या पत्राचं तिसरं पान दादाने शनिवारी वाचलं, आणि तेही वहिनीने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं म्हणून. तोवर त्याने तीन वर्तमानपत्रांना मुलाखती देऊन टाकल्या होत्या. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदाच एक स्त्री न्यायमूर्ती म्हणून बसणार, ती आपली धाकटी बहीण, आणि बोट धरून तिला कोर्टाची पायरी चढायला आपणच शिकवलं, असं त्याने तिन्ही ठिकाणी सांगितलं होतं. एका पेपरात तर फोटोही त्याचाच मोठा आला होता. बहीण कोपऱ्यात होती, पासपोर्टच्या आकाराची.

तिसऱ्या पानावर दोनच गोष्टी होत्या. एक, न्यायमूर्तींच्या सख्ख्या नातेवाइकांना यापुढे त्या न्यायालयात वकिली करता येणार नाही. दोन, होकार असो की नकार, सहीचं पत्र शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत न्यायालयाच्या कार्यालयात पोचलं पाहिजे.

म्हणून शनिवारी दुपारी अडीच वाजता सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती गोळा झालं. अभिनंदनाचे पुष्पगुच्छ न्हाणीघरात बादल्यांत उभे होते, त्यामुळे सकाळपासून कुणाची धड अंघोळ झाली नव्हती.

"बेबी, तू हे वाचलं होतंस?" दादाने विचारलं.

बेबी म्हणजे ती भावी न्यायमूर्ती. वय वर्षं सत्तावन्न, केस निम्मे पांढरे, नाकावर जाड चष्मा. पण या घरात एकदा चिकटलेलं नाव काही केल्या निघत नसे.

"बुधवारीच वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"पत्र तुझ्याच हातात होतं, दादा. सगळ्या पत्रकारांना दाखवत होतास. मला वाटलं, वाचूनच दाखवत असशील."

चिमी, म्हणजे दादाची मुलगी, कपात तोंड घालून हसली. दोन वर्षांपूर्वी तीही वकील झाली होती आणि घरच्याच ऑफिसात बहुतेक वेळ झेरॉक्स काढत होती. वहिनीने तिच्याकडे डोळे वटारले.

तीन दिवस दादाला तोंडावर आपटायला मोकळं सोडलं, याचं बेबीला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. उलट मजाच वाटली होती. तेवढी मजा आपण कमावलेली आहे, असं तिचं स्पष्ट मत होतं.

तीस वर्षांपूर्वी अप्पांनी आपल्या वकिलीचे दोन भाग केले. पुढचं ऑफिस, खुर्च्या, पाटी आणि अशील दादाला. मागची खोली, टेबल आणि टाइपरायटर बेबीला. अप्पा गेले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण वाटणी जशीच्या तशी राहिली. बेबीने मसुदे लिहायचे, दादाने न वाचता सही ठोकायची आणि कोर्टात जाऊन तेच खणखणीत आवाजात वाचायचं. आवाज मात्र त्याचा खरंच चांगला होता. बऱ्याचदा युक्तिवादात काय आहे, हे त्याला न्यायाधीशांबरोबरच कळे, आणि म्हणूनच त्याच्या चेहऱ्यावर ती ताजी चमक असे, जिचं सगळ्या वकिलांना कौतुक होतं.

ज्या अशिलांकडे द्यायला काही नसे, ती मात्र थेट मागच्या खोलीत पाठवली जात. नोकरीवरून काढलेल्या नर्सेस, विनाचौकशी तुरुंगात सडणारी माणसं, नवरा गेल्यावर घराबाहेर काढलेल्या बायका. "हे बेबीला द्या," असं अप्पा म्हणत, आणि पुढे दादाही म्हणू लागला. बेबी ते खटले स्वतः लढवायला जाई. पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं, "बाई, तुमचे वकील आले नाहीत का?" कोर्टात बायकांना काळा कोट चढवायलासुद्धा जागा नव्हती. ती रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या आड कोट घाली, आणि स्वच्छतागृहासाठी रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात जाई. सलग अकरा वर्षं! त्या दवाखान्यातली माणसं तिला जुनी पेशंट समजत. पण घरात ज्या खटल्यांना कुणी हात लावत नव्हतं, त्यांचेच निकाल पुढे कायद्याच्या पुस्तकांत गेले. दादाचे खटले त्याच्या अशिलांच्या लक्षात राहिले, आणि बेबीचे सगळ्या देशाच्या.

होकाराचं पत्र चिमीने गुरुवारीच टाइप करून दिलं होतं. ते बेबीच्या पर्समध्ये होतं, बिनसहीचं. सही का करत नाहीस, असं चिमीने दोनदा विचारलं आणि बेबीने दोन्ही वेळा विषय बदलला. खरं कारण सांगायची तिला लाज वाटत होती. टेबलाच्या टोकाला आई बसली होती, ब्याऐंशी वर्षांची, ताठ, चहात बिस्किट न बुडवता खाणारी. तिने एकदा तोंडाने "जा" म्हणावं, एवढंच बेबीला हवं होतं. तीन दिवसांत आई सगळ्या विषयांवर बोलली होती, तेवढं एक सोडून.

"हे बघ," दादाने घसा साफ केला. "सगळ्यांच्याच मनात तुझ्याबद्दल आनंद आहे."

"आनंद तर काय, विचारूच नका वन्सं," वहिनी म्हणाली. "मी सगळ्यांना फोन करून सांगितलं."

"पण प्रश्न तत्त्वाचा आहे," दादा म्हणाला. "वीस वर्षं मी त्या न्यायालयात उभा राहतोय. माणसं मला तिथला म्हणून ओळखतात. ते सगळं एका सहीसरशी सोडायचं? आणि तू किती वर्षं बसणार तिथे? आठ! आठ वर्षांसाठी माझं आयुष्यभराचं काम?"

"खालच्या कोर्टात उभा राहा की," चिमी म्हणाली. "मी राहतेच ना."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला अजून काही कळत नाही."

"कळतं तिला," बेबी म्हणाली. "तिने तिसरं पान बुधवारीच वाचलं होतं."

दादाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि आवाज खाली आणला. अशील हातातून निसटायला लागलं की तो हाच आवाज काढी. "बेबी, तुला एक सांगू? पद तर काय, कुणीही घेतं. पण पद मोठ्या मनाने नाकारणारं कुणी आहे? बातमी बघ ना कशी होईल. पहिली स्त्री न्यायमूर्ती आज ना उद्या कुणीतरी होणारच आहे. पण कुटुंबासाठी ते नाकारणारी पहिली स्त्री, ती तूच!"

"अगदी," वहिनी म्हणाली. "त्यात शोभा जास्त आहे."

"पहिली नाही रे मी," बेबी म्हणाली. "कुटुंबासाठी नाकारणाऱ्यांची रांग फार लांब आहे. फक्त त्यांना कुणी पत्रं पाठवली नव्हती."

आईने बिस्किट खाल्लं आणि हात झटकले.

दादाने खिशातून दोन घड्यांचा कागद काढला. "मी एक मसुदा केलाय. नकाराचा. अगदी सन्मानाने लिहिलाय. तू फक्त एकदा नजर टाक."

तीस वर्षांत दादाने स्वतः लिहिलेला हा पहिलाच मसुदा. बेबीने तो हातात घेतला आणि वाचायला लागली. पहिल्याच वाक्यात तीन वेळा 'नम्रपणे' होतं. ज्या पत्राला उत्तर द्यायचं त्याची तारीख चुकली होती. आभार शेवटी, खेद सुरुवातीला आणि मधला सगळा पॅरा अप्पांच्या कर्तृत्वावर. तिचा हात आपोआप पेन्सिलकडे गेला. तारीख नीट केली. दोन 'नम्रपणे' उडवले. अप्पांना काट मारली. 'मला जमणार नाही' च्या जागी तिने लिहिलं, 'या पदाची प्रतिष्ठा जाणूनच मी ते स्वीकारण्यास असमर्थता व्यक्त करते.' वाक्य जमलं. ती खूश झाली. मग शेवटच्या ओळीकडे वळली आणि तीही तासून पुसून लख्ख केली.

"आत्या," चिमी हळूच म्हणाली, "तू काय करतेयस?"

बेबीने मान वर केली. पेन्सिल हातातच होती. समोरच्या कागदावर तिच्या स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट नाकारणारं एक निर्दोष पत्र तयार झालं होतं, आणि ते तिनेच तयार केलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नुसता वाईट मसुदा पुढे सरकवला, तेवढं पुरलं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. दादाचासुद्धा इतका कधी आला नव्हता.

दादाने कागद ओढून घेतला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात वाचला. वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

"वा! याला म्हणतात भाषा," दादा म्हणाला. "बघ, तुझ्या मनातही हेच होतं. नाहीतर इतकं सुंदर उतरलं असतं का?" त्याने खिशातलं पेन काढून टोपण उघडून तिच्यापुढे धरलं. "कर सही."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बेबीने पेन घेतलं, आणि सही न करता कागद पुन्हा स्वतःकडे वळवला.

"एक उणीव राहिलीय," ती म्हणाली. "यात कारण नाही. कारणाशिवाय अर्ज चालत नाही. पहिल्याच तारखेला बाहेर फेकतात."

"मग घाल ना, कौटुंबिक कारणास्तव."

"कुटुंबातल्या कुणाच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुटुंब कोर्टात येऊन शपथ घेत नाही, दादा. माणसं घेतात. मला काही कारण नाही. तब्येत बरी आहे, काम येतं, जायची इच्छा आहे. तेव्हा कारण तुमच्यापैकी कुणाचं तरी आहे. तुम्ही सांगा, मी शब्दन् शब्द लिहून घेते. ज्याचं कारण, त्याने खाली सही करायची. मग मीही करते."

तिने चिमीकडून कोरा कागद मागून घेतला. चिमीने दोन दिले.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "आईचं वय झालंय. तिला बघायला कुणी..."

"माझ्या वयाला मध्ये घेऊ नकोस," आई म्हणाली. "मी जिना स्वतः चढते. आणि मला बघायला ही कधी होती? सकाळी आठ ते रात्री आठ तुझे कागद लिहीत असते."

बेबीने लिहिलं आणि खोडलं. "ते कारण गेलं. पुढे?"

"हिला विचार. घरात बाईमाणसाची बाजू असते..." दादाने वहिनीकडे हात केला.

वहिनी खुर्चीत मागे सरकली. "मला कशाला ओढता? लग्न झालं तेव्हाच तुम्ही बजावलं होतं, वकिलाच्या बायकोने कुठल्याच कागदावर सही करायची नसते. चौतीस वर्षं मी बँकेच्या फॉर्मवरसुद्धा केलेली नाही."

"अगं, पण तूच काल म्हणालीस ना की तिने नाही म्हणावं..."

"म्हणाले होते. सही करीन असं नव्हते म्हणाले." वहिनीने डोळ्यांवरचा पदर काढून नीट खोचला. "आणि मी ज्यांना फोन केलेत ना, त्यांना आता पुन्हा फोन करून काय सांगू? आमच्या ह्यांनी होऊ दिलं नाही?"

दादा एकटा पडला. असं कोर्टात झालं की तो मागे वळून बेबीकडे बघत असे, आणि बेबी एक चिठ्ठी पुढे सरकवत असे. आताही त्याने तिच्याचकडे बघितलं. बेबी पेन घेऊन वाट बघत होती.

"तुझं कारण, दादा?"

"सांगितलं ना. वीस वर्षांचं काम..."

"ते खालच्या कोर्टात चालू शकतं. आवाज तुझा तिथेही पोचेल."

"अगं पण कुणाच्या जिवावर?" तो एकदम ओरडला. "मसुदे कोण लिहिणार माझे? वरच्या कोर्टात काय नि खालच्या कोर्टात काय, मी उभा राहून बोलू काय? सोमवारी माझी सुनावणी आहे, मला त्यातलं अक्षर माहीत नाही! तू तिकडे जाऊन बसलीस तर मी काय करू, ते सांग ना!"

दादा लालबुंद झाला होता आणि हे आपण खरंच मोठ्याने बोललो का, अशा चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होता. चिमी बापाकडे बघत राहिली. तिला दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याची दया आली, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

बेबीने लिहून काढलं. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. 'मसुदे कोण लिहिणार माझे. सोमवारी माझी सुनावणी आहे, मला त्यातलं अक्षर माहीत नाही.' कागद त्याच्यापुढे ठेवला आणि जिथे सही करायची तिथे नेहमीसारखी पेन्सिलने बारीक फुली केली.

दादाने पेन उचललं. मग चष्मा शोधला. कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, बोट ठेवून, ओठ हलवत.

"हे असं कसं देता येईल?" तो म्हणाला. "हे लोक वाचतील ना."

"हो," बेबी म्हणाली. "तिथले लोक वाचतात."

त्याने पेन खाली ठेवलं.

"इकडे आण तो कागद," आई म्हणाली.

दादाचा जीव भांड्यात पडला. वहिनीने पाण्याचा ग्लास आईपुढून बाजूला केला. आईने दादाचं लिहिलेलं बघितलंसुद्धा नाही. दुसरा, कोरा कागद पुढे ओढला.

"लिही," ती बेबीला म्हणाली. "माझं कारण आहे. तुझ्या अप्पांना सांगून मी तुला कायद्याच्या कॉलेजात घातलं ते लग्न जमेपर्यंत मन रमावं म्हणून. लग्न जमलं नाही आणि तू तिथेच राहिलीस. त्याला माझी ना नाही. पण हा घरातला मोठा मुलगा. याची पाटी दारावर आहे. चार माणसं म्हणणार, बहीण वर गेली आणि भाऊ घरी बसला. माझ्या डोळ्यांदेखत ते मला नको. तू खाली राहिलीस तर तुझं काही अडत नाही, तुला सवय आहे. त्याला नाही. लिहिलंस?"

"लिहिलं," बेबी म्हणाली.

"तुला सवय आहे, हे लिहिलंस?"

"हो आई. तेही लिहिलं."

आईने चष्मा लावून कागद वाचला, मग खाली सही केली. सावकाश, पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराला शेपटी देऊन. पेन परत केलं आणि कप उचलला. चहा गार झाला होता.

"झालं मग!" दादा म्हणाला. "आईची सही झाली. कारण आलं, सही आली. आता तुझी."

बेबीने आईचा कागद हातात घेतला. तीन दिवस, खरं तर तीस वर्षं, ज्या उत्तराची ती वाट बघत होती ते शेवटी तिच्या हातात होतं, तिच्याच अक्षरात. छातीत दुखावं तसं दुखलं. पण वाट बघणं संपलं होतं, आणि एवढ्या दुखण्यातही तिला त्याने हलकं वाटलं. आईने निदान जे मनात होतं ते बोलून त्याखाली नाव लिहिलं. या घरात तेवढं धैर्य दुसऱ्या कुणाकडे निघालं नव्हतं. तिने कागद उभ्यानेच पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला.

"आई, तुझा अर्ज मी सगळा वाचला," ती म्हणाली. "कारण खरं आहे. मान्य करता येत नाही."

आणि पर्समधून होकाराचं पत्र काढून टेबलावर ठेवून तिने सही केली.

"बेबी!" दादा उठून उभा राहिला. "अगं, सोमवार!"

"फाइल मागच्या खोलीत टेबलावर आहे. एकशे दहा पानं. आज बसलास तर उद्या रात्रीपर्यंत वाचून होईल."

दादाची नजर तेवढ्यात चिमीवर गेली. ती नजर काय शोधत होती ते सगळ्यांना कळलं, चिमीला सगळ्यांत आधी. "चिमी, राजा," तो म्हणाला, "उद्यापासून मागच्या खोलीत तू..."

"मी गाडी काढते," चिमी म्हणाली. "आत्याला सोडायचंय."

बेबी चपला घालून आईच्या खुर्चीपाशी आली आणि थांबली. आईने वर बघितलं नाही. टेबलावरचे बिस्किटांचे कण एका बोटाने गोळा करत राहिली. बेबी जिना उतरली.

गाडी दुसऱ्या सिग्नलला थांबली तेव्हा चिमीने बाजूला बघितलं. बेबी समोर बघत बसली होती, मांडीवर पत्राचं पाकीट दोन्ही हातांनी धरून, आणि चष्म्याखालून पाणी सरळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

"आत्या, रडतेयस?"

"हो," बेबी म्हणाली. "तू पुढे बघ. पाचच्या आत पोचायचंय."